मोडलेल्या संसाराची गाणी : नॅशव्हिलपासून आपल्या जात्यापर्यंत

फूलबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या आपल्या मंडळींपैकी बरेच जण मला ओळखतात. गोपाळ मंदिरापासून गुरुद्वाऱ्यापर्यंत दोन फेऱ्या मारायच्या आणि मग बाकावर अर्धा तास बसायचे, हा निवृत्तीनंतरचा नेम. बाकावर सगळे विषय निघतात. पेन्शन, गुडघे, मुलांच्या नोकऱ्या, नातवंडांच्या शाळा. माझ्या मुलीचा विषय निघाला की मी जवळजवळ तीन वर्षे एकच वाक्य बोलत होतो, "ती सध्या इकडेच असते." समोरचेही समजूतदारपणे मान हलवीत आणि विषय हवापाण्यावर जाई. 'घटस्फोट' हा शब्द मीही उच्चारला नाही आणि त्यांनीही नाही.

असा शब्द न उच्चारण्यावरच अमेरिकेत १९६८ साली एक गाणे आले आणि खूप गाजले, हे मला मुलीमुळे कळले. टॅमी वायनेट नावाच्या गायिकेचे ते गाणे. त्यातल्या बाईचा संसार मोडतो आहे. तिचा मुलगा चार वर्षांचा. त्याला कळू नये म्हणून ती घटस्फोटाचा इंग्रजी शब्द सलग न म्हणता त्याची अक्षरे सुटी करून म्हणते. डी, आय, व्ही, ओ, आर, सी, ई. गाण्याचे नावच ते आहे. मुलाला अक्षरांचा अर्थ लागत नाही, ऐकणाऱ्याला मात्र लागतो. मुलीने मला हे समजावून सांगितले तेव्हा मनात आले, मी साठी ओलांडलेला माणूस, पण फूलबागेच्या बाकावर मीही हेच करत होतो.

हा लेख तिच्या परवानगीने लिहीत आहे. विषय आहे दुःखाच्या गाण्यांचा. संसार मोडल्यावर माणूस रडकी गाणी का ऐकतो, त्याने बरे कसे वाटते आणि घरातल्यांनी त्या वेळी काय करावे, यासंबंधी मला जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

मी केलेली चूक

मुलगी परत आली त्या हिवाळ्यात रात्री उशिरापर्यंत वरच्या खोलीतून गाण्यांचा आवाज यायचा. गिटार, कुठेतरी व्हायोलिन, आणि नाकात बोलल्यासारखा एखादा पुरुषी आवाज. भाषा इंग्रजी, पण चाल अशी की रडगाणे आहे हे कोणालाही कळावे. चार-पाच रात्री मी ऐकून घेतले. मग जिन्यातूनच ओरडलो, "रात्री-बेरात्री हे काय रडगाणं लावलंयस? लावायचंच तर काहीतरी चांगलं लाव!"

आवाज बंद झाला. दुसऱ्या दिवसापासून तिने कानात इअरफोन घातले. घरातले गाणे गेले, आणि आमचे उरलेसुरले बोलणेही गेले. आमच्या सौ.नी मला तेव्हाच सांगितले, "तिचं रडणं तुम्हाला ऐकवत नाही, म्हणून गाण्यावर राग काढताय." ते खरे होते. पण पटायला वर्ष लागले.

शब्दांचा हिशोब

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, आयुष्य बँकेत गेले. त्यामुळे आधी शब्दांचा आणि कागदांचा हिशोब मांडतो, गाण्याकडे नंतर येतो.

संसार मोडण्याला मराठीत चार शब्द आहेत आणि चौघांची कुळे वेगळी आहेत. 'घटस्फोट' हा धर्मशास्त्रातला शब्द. मुळात तो नवरा-बायकोचा नव्हेच. एखाद्याला पतित ठरवून जातीबाहेर टाकताना त्याच्या नावाने घट उपडा करण्याचा किंवा फोडण्याचा जो विधी असे, तो घटस्फोट. म्हणजे आज आपण कोर्टाच्या निकालाला जो शब्द वापरतो त्याच्या पोटात बहिष्कार बसलेला आहे. 'काडीमोड' हा शेतकरी-कष्टकरी समाजांतला. गवताची काडी मोडली की नाते मोडले. ही रूढी अनेक जातींत होती आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही रूढीने मान्य असलेला असा घटस्फोट रद्द केला नाही. 'सोडचिठ्ठी' तर सर्वांना माहीत आहे. चौथा शब्द 'फारकत' किंवा 'फारखत'. जुन्या व्यवहारात फारखत म्हणजे देणेघेणे मिटल्याची लेखी पावती. कर्ज फिटले की सावकाराने लिहून द्यायचा कागद. तोच शब्द नवरा-बायकोलाही लागू झाला.

बँकवाल्याला हा चौथा शब्द सर्वांत जवळचा वाटावा हे साहजिक आहे. काउंटरवर असताना मी अशी जोडपी पाहिली आहेत. संयुक्त खाते बंद करायला दोघे एकत्र येत, कारण दोघांच्या सह्या लागत. खाते 'दोघांपैकी कोणीही एक किंवा हयात असलेला' या अटीवर उघडलेले असे. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात हौसेने उघडलेले. मी उरलेली रक्कम सांगे, ते निमूटपणे ऐकत, चेकबुकाची शिल्लक पाने परत देत, आणि वेगवेगळ्या दारांनी नाही तरी वेगवेगळ्या वेळी बाहेर पडत. पाच मिनिटांत काम होई. मला तेव्हा वाटे, झाले, हिशोब मिटला.

कायद्याचेही तसेच आहे. परस्पर संमतीने घटस्फोट घेण्याची तरतूद हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली आली. निदान वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते, दोघांनी मिळून अर्ज करायचा, मग सहा महिने थांबायचे आणि पुन्हा जाऊन सांगायचे की विचार बदललेला नाही. हे सहा महिने प्रत्येक प्रकरणात सक्तीचे नाहीत, योग्य कारण असेल तर न्यायालय ते माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले. आपल्या आधीच्या पिढ्यांना एवढेही नव्हते. बडोदा संस्थानाने १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला तेव्हा ती फार मोठी गोष्ट ठरली होती.

थोडक्यात, कागदाला फारखत मिळते. मनाला ती कोणी लिहून देत नाही. खाते बंद झाल्यावरही कित्येक नोंदी मनात उघड्याच राहतात. चहात त्याला साखर किती लागायची, सासूबाईंनी दिलेली साडी कुठे ठेवायची, फोनमधला तो नंबर पुसायचा की नाही. या नोंदी कोर्टात घेत नाहीत आणि बाकावरही घेत नाहीत. गाण्यात घेतात. एवढे लक्षात आल्यावर मला त्या अमेरिकन गाण्यांचे कोडे उलगडू लागले.

कंट्री म्युझिक म्हणजे काय

कंट्री म्युझिक म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या खेड्यापाड्यांतले गाणे. ब्रिटिश बेटांतून आलेल्या वसाहतवाल्यांनी जुनी कथागीते आणि फिडल नावाचे व्हायोलिन आणले. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांकडून बँजो आला आणि गाण्यातला एक दर्दही आला. डोंगरातल्या शेतकऱ्यांच्या, खाणमजुरांच्या, रेल्वे कामगारांच्या घरांत हे मिसळत गेले. १९२५ साली नॅशव्हिल शहराच्या रेडिओवर या गाण्यांचा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला, तो आजही चालू आहे. १९२७ च्या उन्हाळ्यात ब्रिस्टल नावाच्या गावात राल्फ पीअर या माणसाने ध्वनिमुद्रणाचे यंत्र लावून आसपासच्या गायकांना बोलावले. त्यात जिमी रॉजर्स आणि कार्टर कुटुंब यांची पहिली ध्वनिमुद्रणे झाली आणि या संगीताचा व्यवसाय खऱ्या अर्थाने सुरू झाला.

संगीताच्या दृष्टीने त्यात अवघड काही नाही. ग्वाल्हेर घराण्याची गायकी ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना ते फारच साधे वाटते. गिटारीवर तीन-चार स्वरमेळ, चटकन तोंडात बसणारी चाल, आणि फिरून येणारे ध्रुपद. सगळे बळ गोष्टीत आहे. ती गोष्ट बहुधा 'मी' म्हणूनच सांगितलेली असते, आणि तिच्यात घरातल्या वस्तू असतात. रिकामी खुर्ची, दाराची कडी, अर्धा पेला, रात्रीची रेल्वेची शिटी. 'माझे हृदय विदीर्ण झाले' असे न म्हणता तो गायक टेबलावर एकच ताट कसे मांडले ते सांगतो.

आणि गाणारे बरेच जण त्या आगीतून गेलेले असतात. हँक विल्यम्स हा या संगीतातला मोठा माणूस. १९५२ साली त्याचा घटस्फोट झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याने दगा देणाऱ्या मनाविषयीचे आपले प्रसिद्ध गाणे ध्वनिमुद्रित केले. १ जानेवारी १९५३ रोजी, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी, तो वारला. ते गाणे बाजारात आले आणि गाजले ते त्याच्या मृत्यूनंतर. टॅमी वायनेट गायिका होण्यापूर्वी केशकर्तनाचे काम करून मुलींना वाढवत होती. ती मोडलेल्या संसाराचे गाणे गात होती तेव्हा तिचा स्वतःचा एक संसार मोडून झाला होता, दुसरा मोडत होता.

यात आणखी एक गोष्ट मला विशेष वाटली. १९५२ साली एका पुरुष गायकाचे गाणे गाजत होते. त्यात संसार मोडल्याचा सगळा ठपका बाईवर होता. त्याच वर्षी किटी वेल्स या गायिकेने त्याच चालीवर उत्तर दिले, की बाई बिघडते त्यामागे बहुधा कुणीतरी पुरुष असतो. काही रेडिओ केंद्रांना ते रुचले नाही. तरी ते अमेरिकेच्या कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. एकट्या गायिकेला हा मान त्या यादीत प्रथमच मिळाला.

मुलगी हे सांगत होती आणि माझ्या कानात दुसरेच काही वाजू लागले होते. असे उत्तर देणाऱ्या बायका मी लहानपणी आमच्याच घरात ऐकल्या होत्या.

आपले गावाकडचे गाणे : जात्यावरची ओवी

लष्करातल्या आमच्या जुन्या घरी माझ्या वडिलांची आत्या राहत असे. आम्ही मुले तिला आत्याआजी म्हणायचो. सासर दूर नगरकडे. लग्नानंतर दोन-तीन वर्षांत ती भावाकडे ग्वाल्हेरला आली आणि मग इथेच राहिली. ती विधवा नव्हती. कुंकू लावायची. तिच्यासाठी त्या काळी एकच शब्द होता, 'टाकलेली', आणि तो तिच्यासमोर कोणी उच्चारत नसे.

मी बोलतो आहे १९६०-६५ च्या सुमाराची गोष्ट. बाजारात पिठाची गिरणी होती, गहू तिकडेच जात. पण भाजणी आणि उपासाचे पीठ घरच्या जात्यावरच निघायचे. पहाटे, बाहेर अंधार असताना, आत्याआजी आणि माझी आई समोरासमोर बसायच्या. खुंट्यावर दोघींचे हात. जाते फिरू लागले की आत्याआजी ओवी सुरू करी. दिवसभर चार शब्द न बोलणारी ती बाई पहाटे तासभर गात असे. आम्ही गोधडीत अर्धवट झोपेत ऐकायचो. आम्हाला ते अंगाईसारखे वाटायचे. ती काय सांगत होती ते कळायचे आमचे वय नव्हते, आणि पुढे वय झाले तेव्हा ती नव्हती.

आई आता अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. मागच्या वर्षी मुलीने तिला विचारले, "आजी, त्या काय म्हणायच्या गं?" आई म्हणाली, "सीतेचं म्हणायच्या. दुसरं कोणाचं म्हणणार?"

जात्यावरच्या ओव्यांत सीतेचा वनवास हा फार मोठा विषय आहे. पोटुशी असताना नवऱ्याने वनात सोडलेली सीता. या ओव्यांत सांगतात, की त्या रानात सीतेचे अश्रू पुसायला कोणी नव्हते, तेव्हा काटेरी बोरी-बाभळींनीच बायकांचे रूप घेतले आणि तिची समजूत घातली. काही ओव्या तर याहून पुढे जातात. राम सीतेच्या तोडीचा नव्हता असे त्या सरळ म्हणतात. देवळात जे कोणी म्हणणार नाही ते जात्याजवळ म्हणता येत होते, कारण ऐकायला फक्त समोरची बाई आणि जाते. जात्याला देव मानायचे आणि आईला सांगावे तसे त्याला सांगायचे, अशी रीतच होती.

पुण्यातल्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पोइटेव्हिन या दोघांनी १९८० च्या दशकात मुळशी भागातल्या डोंगरी गावांपासून सुरुवात करून या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावे आणि एक लाखाहून अधिक ओव्या असा तो प्रचंड संग्रह झाला. पुढे बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या अनेक बायकांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर त्या ओव्या आवाजासह ऐकता येतात. त्याच्या पुष्कळ आधी साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन' या पुस्तकात बायकांच्या ओव्या गोळा करून ठेवल्या होत्या. ज्यांना वेळ आहे त्यांनी दोन्ही अवश्य पाहावे.

आता ही ओवी आणि ते कंट्री गाणे शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे साधी, फिरून येणारी चाल. दोन्हीकडे गोष्ट, आणि गोष्टीत घरातल्या वस्तू : बांगडी, दळण, माहेरची वाट, भावाची गाडी. दोन्हीकडे शिक्षणाचा किंवा तालमीचा आव नाही. दोन्हीकडे वरच्या वर्गाने 'गावंढळ' म्हणून नाक मुरडलेले. फरक एकच. नॅशव्हिलच्या गाण्याला बाजार मिळाला, ओवीला मिळाला नाही. जाते गेले तशी तिची जागाच गेली.

जाते गेले, मग काय उरले?

रेडिओ आणि ग्रामोफोनबरोबर भावगीत आले. त्यात आपल्या ग्वाल्हेरचा वाटा मोठा आहे. या भागात मुंगावलीला जन्मलेले आणि ग्वाल्हेरचे राजकवी झालेले भा. रा. तांबे १९४१ साली ग्वाल्हेरातच वारले. त्यांच्या कविता पुढे लता मंगेशकरांच्या आवाजात घरोघर गेल्या. सांजवेळ, निरोप, मागे राहणारी माणसे या विषयांवर मराठीत त्यांच्यासारखे गाणे क्वचितच कोणी लिहिले असेल. इंदूरचे अरुण दाते तर आपल्यापैकी अनेकांनी समोर बसून ऐकले असतील. सुरेश भटांच्या गझलांनी आमच्या पिढीला तारुण्यातल्या प्रेमभंगातून बाहेर काढले, हे इथे कबूल करायला हरकत नाही. आणि केवळ मराठीच कशाला? शेजारच्या बुंदेलखंडात ईसुरीच्या फागा आहेतच. 'रजऊ'साठी झुरणारा तो लोककवी आपल्या भागातली बुंदेली बोलणारी माणसे आजही गातात.

पण एक गोष्ट खटकते. आपल्या भावगीतांत विरह भरपूर आहे, तो बहुतेक प्रियकर-प्रेयसीचा. चांदणे आहे, पाऊस आहे, वाट पाहणे आहे. सात वर्षे संसार करून माहेरी परतलेली बाई, तिची कोर्टाची तारीख, तिचे दोन सुटकेसमधले सामान, हे त्यात फारसे कुठे सापडत नाही. ओवीत ते होते. आत्याआजीला तिच्या दुःखाचे गाणे मराठीत मिळाले. माझ्या मुलीला ते मराठीत मिळाले नाही, म्हणून ती सातासमुद्रापलीकडे शोधायला गेली. मी जिन्यात उभे राहून ज्याला रडगाणे म्हटले, ती तिची ओवी होती.

दुःखाच्या गाण्याने बरे का वाटते?

दुःखात असलेला माणूस आणखी दुःखाचे गाणे ऐकतो, हे वरवर उलटे वाटते. बर्लिनच्या दोन संशोधकांनी, तारुफी आणि कोएल्श यांनी, यावर वेगवेगळ्या देशांतल्या ७७२ लोकांना प्रश्न विचारून २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. अशी गाणी ऐकताना सर्वाधिक जाणवते ती उदासी नव्हे, तर गतकाळाची हुरहुर, असे त्यांना आढळले. लोक ती मुख्यतः मन दुखावलेले असताना किंवा एकटे असताना ऐकतात. आणि गाण्यातल्या दुःखाचे परिणाम प्रत्यक्ष भोगावे लागत नाहीत, म्हणून ते सुरक्षित वाटते.

यात माझी, अनुभवावर आधारलेली, चार कारणे जोडतो.

पहिले, गाणे सल्ला देत नाही. त्या वर्षी मुलीला सगळ्यांनी सल्ले दिले, त्यात मी पहिला. गाणे फक्त म्हणते, माझेही असेच झाले.

दुसरे, रडू दुसऱ्याच्या नावाने येते. आत्याआजी 'माझ्या नवऱ्याने मला टाकले' असे कधी म्हणाली नसती. सीतेसाठी मात्र ती रोज पहाटे रडू शकत होती, आणि त्यात लाजण्यासारखे काही नव्हते.

तिसरे, गाणे संपते. मनातले विचार रात्रभर संपत नाहीत. गाणे तीन मिनिटांत संपते आणि दळण तासाभरात. दुःखाला सुरुवात आणि शेवट मिळाला की ते उचलता येते.

चौथे, समोर कोणीतरी असते. जात्याच्या दुसऱ्या बाजूला माझी आई होती. ती काही बोलत नसे, नुसती ओवी झेलायची आणि खुंट्याला हात लावायची. वजन दोघींत वाटले जायचे. आज मला वाटते, या चारांत हेच सर्वांत महत्त्वाचे.

सावध राहावे असे काही

एकच बाजू मांडणे बरोबर नाही. १९९२ साली स्टॅक आणि गुंडलाक या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी ४९ महानगरांची आकडेवारी तपासली. जिथे रेडिओवर कंट्री म्युझिक जास्त वाजते, तिथे गोऱ्या लोकांमधले आत्महत्यांचे प्रमाण जास्त दिसते, असे त्यांनी मांडले. त्यावर मोठा वाद झाला. इतरांनी तपासले तेव्हा त्यांना तसा संबंध सापडला नाही. २००४ साली या संशोधनाला, आधी हसवून मग विचार करायला लावणारे संशोधन म्हणून दिला जाणारा गमतीदार 'इग नोबेल' पुरस्कारही मिळाला. दोन आकडे बरोबर वाढले म्हणजे एकामुळे दुसरा वाढला असे होत नाही, हे बँकेत काम केलेल्या कोणालाही सांगायला नको.

तरीही सावधगिरी हवी. गाणे ऐकून रडू येणे आणि मग जेवायला खाली येणे, हे ठीक आहे. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप नाही, अन्न नाही, कामावर जाणे नाही, किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा येऊ लागली, तर ते गाण्याच्या आवाक्यातले नाही. तेव्हा डॉक्टरांकडे जावे. सरकारने २०२२ साली सुरू केलेली 'टेलिमानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते. ती वापरण्यात कमीपणा नाही. रक्तदाबाची गोळी घेतो तितकेच ते साधे समजावे.

घरच्यांनी काय करावे

आपल्या समाजात आता असे एखादे घर नाही, अनेक घरे आहेत. मुलीही परत येतात आणि मुलगेही एकटे पडतात. मुलग्यांचे दुःख तर आपण आणखीच झाकतो. म्हणून तीन गोष्टी नम्रपणे सुचवतो.

रडके गाणे लागले तर बंद करायला सांगू नका. जमल्यास दाराशी जाऊन विचारा, "हे कोणाचं गं?" मी वर्षभराने विचारले. ती आधी चकित झाली. मग म्हणाली, "बाबा, बसा. तुम्हाला अर्थ सांगते." त्या रात्री आम्ही टॅमी वायनेट ऐकली. घटस्फोटाविषयी आमचे जे पहिले नीट बोलणे झाले ते त्या गाण्यातल्या बाईविषयी झाले. स्वतःविषयी ती फार नंतर बोलली.

दुसरे, घरातल्या वृद्ध बायकांच्या ओव्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. आईला आत्याआजीच्या नऊ ओव्या आठवल्या, काही अर्ध्याच. मुलीने त्या सगळ्या उतरवून घेतल्या. आमचे जाते आता अंगणात तुळशीजवळ पडलेले असते. आईने त्यावर हात ठेवला तेव्हा तिला आणखी एक आठवली.

तिसरे, शब्द उच्चारा. गेल्या महिन्यात बाकावर कोणीतरी नेहमीप्रमाणे विचारले, "मुलगी काय म्हणते?" मी म्हणालो, "बरी आहे. तिचा घटस्फोट झाला, आता तिने शिंदे की छावणीजवळ स्वतःचे शिकवणीवर्ग काढलेत." क्षणभर सगळे गप्प झाले. मग शेजारचे गृहस्थ, ज्यांना मी पंधरा वर्षे ओळखतो, हळूच म्हणाले, "आमच्या धाकट्याचंही चाललंय कोर्टात. कोणाला बोललो नाही अजून."

त्या दिवशी बाक सोडायला आम्हा दोघांना नऊ वाजले.